उतार, हुकूम आणि हिम : हिमस्खलनांचा शंभर वर्षांचा इतिहास

१/ १३ डिसेंबर १९१६, पहाटे साडेपाचचा सुमार. आल्प्स पर्वतातील मार्मोलाडा शिखराखाली, ग्रान पोझ नावाच्या जागी, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याच्या लाकडी बराकींमध्ये तीनशेहून अधिक सैनिक झोपले होते. वरच्या उतारावरून हिम आणि बर्फाचा प्रचंड लोट खाली आला आणि बराकी जागच्या जागी चिरडल्या गेल्या. सुमारे २७० सैनिक मृत्युमुखी पडले. त्या पहाटे शत्रूने तेथे हल्ला केला नव्हता.

२/ ही जागा सुरक्षित म्हणूनच निवडलेली होती. १९१६ च्या उन्हाळ्यात बराकी बांधल्या तेव्हा विचार एकच होता, इटालियन तोफांपासून आडोसा. खडकाळ कड्यामुळे तो आडोसा उत्तम मिळाला. मात्र तुकडीचा प्रमुख कॅप्टन रुडॉल्फ श्मिड याला वरच्या उताराची भीती वाटत होती. छावणी हलवावी, अशी लेखी विनंती त्याने वरिष्ठांना केली. ती फेटाळण्यात आली.

३/ हिमस्खलनाला आपण ‘नैसर्गिक आपत्ती’ म्हणतो आणि तेथेच थांबतो. इतिहास तपासला तर बहुतेक मोठ्या घटनांच्या मागे एक मानवी निर्णय सापडतो: या उताराखाली राहावे की नाही, आज चढावे की थांबावे. तो निर्णय कोणी घेतला आणि त्याची किंमत कोणी मोजली, या एका प्रश्नाचा मागोवा हा थ्रेड घेतो. मार्मोलाडापासून एव्हरेस्टपर्यंत, दाव्होसपासून सियाचिनपर्यंत.

४/ आल्प्समधल्या गावकऱ्यांना हिमस्खलन नवे नव्हते. कोणत्या उतारावरून लोट येतो, कोठवर येतो, हे पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवले जाई. स्वित्झर्लंडमधील आंडरमॅट गावाच्या वर एक वनराई आहे. तिच्यातले झाड तोडण्यास १३९७ सालच्या एका लेखाने बंदी घातली, कारण ती झाडे हिम अडवून धरत होती. म्हणजे सव्वासहाशे वर्षांपूर्वी एका डोंगरी गावाने धोका ओळखला होता आणि त्यावर कायदाही केला होता.

५/ पहिल्या महायुद्धाने ही व्यवस्था मोडली. मे १९१५ मध्ये इटली ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्धात उतरला आणि आघाडीची रेषा थेट शिखरांवरून गेली. जेथून मेंढपाळदेखील शरद ऋतूत खाली उतरत, तेथे आता हजारो माणसे संपूर्ण हिवाळा काढणार होती. छावणीची जागा गावच्या आठवणीवरून ठरत नव्हती. ती नकाशा आणि तोफेचा पल्ला पाहून ठरत होती.

६/ याच मार्मोलाडावर एक विलक्षण प्रयोगही झाला. लिओ हांडल या अभियंत्याच्या कल्पनेतून ऑस्ट्रियन सैनिकांनी हिमनदीच्या पोटात अनेक किलोमीटर लांबीचे बोगदे खोदले. त्यांत झोपण्याच्या खोल्या होत्या, कोठारे होती. या वसाहतीला ‘बर्फाचे शहर’ असे नाव पडले. बाहेर पारा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली गेला तरी आत तो शून्याच्या आसपास राही. हिमनदीच्या आत झोपलेले सैनिक उघड्या उताराखाली बराकीत झोपलेल्यांपेक्षा सुरक्षित होते.

७/ डिसेंबर १९१६ मध्ये दिवसचे दिवस हिमवृष्टी होत राहिली. टेलिफोनच्या तारा तुटल्या, रसद अडकली, चौक्यांचा परस्परांशी संपर्क सुटला. मग हवा अचानक उबदार झाली. वरचा भार ओलसर आणि जड झाला व घसरला. इंग्रजी लिखाणात या घटनेला ‘पांढरा शुक्रवार’ म्हणतात, पण पंचांग उघडून पाहिले तर १३ डिसेंबर १९१६ रोजी बुधवार होता. रूढ नावही एकदा पडताळून पाहावे, ते यासाठी.

८/ ती एकच दुर्घटना नव्हती. या आघाडीवर हिमस्खलनांनी दोन्ही बाजूंचे हजारो सैनिक मारले. ऑस्ट्रियन सैन्याचा हिमविषयक सल्लागार माथियास झ्डार्स्की हा स्कीइंगचा एक आद्य प्रवर्तक होता. फेब्रुवारी १९१६ मध्ये गाडल्या गेलेल्या सैनिकांच्या मदतीला गेला असता तो स्वतःच लोटात सापडला आणि त्याची जवळजवळ ऐंशी हाडे मोडली वा निखळली. तो वाचला. हिमाची सर्वाधिक जाण असलेला माणूसही उतारावर सुरक्षित नसतो, हे त्याच्या देहावर कोरले गेले.

९/ आता थोडे विज्ञान, कारण त्यावाचून पुढचा इतिहास उमगणार नाही. डोंगरावर साचलेले हिम एकजिनसी नसते. प्रत्येक हिमवृष्टीचा, प्रत्येक वादळाचा, प्रत्येक उन्हाच्या दिवसाचा एकेक थर त्यात असतो. काही थर घट्ट, काही सैल. उभा काप घेतला तर संपूर्ण हिवाळ्याची बखर त्यात वाचता येते. हिमतज्ज्ञ आजही फावड्याने खड्डा खणून हेच वाचन करतात.

१०/ सर्वांत घातक थर बहुधा तळाशी तयार होतो. जमिनीलगतचे हिम शून्य अंशाच्या जवळ असते, वरची हवा उणे वीस. या तफावतीमुळे खालची वाफ वर सरकते आणि हिमकणांचे रूप पालटते. कण मोठे, कोरडे, साखरेसारखे सुटे होतात आणि त्यांची एकमेकांवरची पकड जाते. कडाक्याची थंडी आणि हिमाचा पातळ थर एकत्र आले की हे वेगाने घडते. म्हणूनच हिवाळ्याच्या आरंभी पडलेले थोडेसे हिम पुढे घात करू शकते.

११/ या सैल थरावर वाऱ्याने आणलेले हिम घट्ट बसते आणि त्याची सलग लादी बनते. तांदळाच्या दाण्यांवर शहाबादी फरशी ठेवून ती हळूहळू तिरकी करत जावे, तसे. एका विशिष्ट कोनानंतर बोटाचा धक्काही पुरतो. हिमाच्या बाबतीत हा कोन साधारण ३० ते ४५ अंशांचा असतो. त्याहून उभ्या उतारावर हिम फारसे साठतच नाही. दुर्दैव असे की गिर्यारोहकाला चढायला सोयीचे आणि आवडते उतार याच मापाचे असतात.

१२/ आणखी एक गैरसमज येथेच दूर करू. चित्रपटांत कोणी ओरडते आणि डोंगर कोसळतो. मानवी आवाजाने हिमस्खलन होत नाही, त्या ध्वनीचा दाब त्यासाठी फारच अपुरा असतो. लागतो तो भार: नव्या हिमवृष्टीचा, वाऱ्याने आणलेल्या हिमाचा किंवा माणसाच्या पावलांचा. माणसे ज्या लोटात सापडतात, तो लोट बहुधा त्यांनी स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेला असतो.

१३/ हे डोळ्यांसमोर ठेवून आता एव्हरेस्टकडे वळू. १९२२ ची ब्रिटिश मोहीम ही एव्हरेस्ट सर करण्याचा पहिला खरा प्रयत्न. नेता जनरल चार्ल्स ब्रूस. तिबेटच्या बाजूने मे महिन्यात दोन प्रयत्न झाले. दुसऱ्या प्रयत्नात जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस कृत्रिम प्राणवायूच्या साहाय्याने ८,३०० मीटरच्या पुढे पोहोचले. तोवर कोणताही मनुष्य इतक्या उंचीवर चढलेला नव्हता.

१४/ जून उजाडला, मॉन्सून जवळ आला. तरीही तिसरा प्रयत्न ठरला. आरंभीच्या दिवसांत जोरदार हिमवृष्टी झाली. मग आकाश निवळले, ऊन पडले. ७ जून रोजी जॉर्ज मॅलरी, हॉवर्ड सॉमरव्हेल आणि कॉलिन क्रॉफर्ड हे तिघे १४ भारवाहकांसह नॉर्थ कोलच्या उताराला लागले. ताजे हिम कमरेपर्यंत होते. वृष्टी थांबून जेमतेम एक-दोन दिवस झाले होते.

१५/ ते निष्काळजी होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. वाट फोडण्याचे काम ते तिघेच पुढे राहून करत होते. खालच्या उभ्या टप्प्यावर हिम सरकते का, याची त्यांनी चाचणीही घेतली. ते सरकले नाही. वरचा उतार त्याहून सौम्य आहे, म्हणजे तो अधिक सुरक्षित, असे त्यांनी अनुमान केले. चूक या अनुमानात होती. एका जागी हिम टिकले म्हणून शंभर पावलांवर ते टिकेलच असे नाही, कारण थरांची रचना तेवढ्या अंतरातही बदलते.

१६/ दुपारी दीडच्या सुमारास दबका स्फोट व्हावा तसा आवाज आला आणि उतार सरकला. सर्वांत पुढच्या दोरावर तिघे इंग्रज आणि एक भारवाहक होता. ते गाडले गेले, पण धडपडत बाहेर आले. त्यांच्यामागचा दोरही बचावला. शेवटच्या दोन दोरांवर नऊ भारवाहक होते. ते सर्व हिमकड्यावरून खालच्या भेगेत फेकले गेले. दोघांना जिवंत काढता आले. सात जण गेले.

१७/ एव्हरेस्टवर गिर्यारोहणात गेलेले हे पहिले बळी. मृतदेह वर काढण्याचा विचार झाला, पण सोबत्यांच्या इच्छेनुसार ते जेथे होते तेथेच ठेवण्यात आले आणि खालच्या छावणीत दगडांचे स्मारक रचले गेले. मॅलरीने पत्रांतून या घटनेचा दोष स्वतःकडे घेतला. सॉमरव्हेलच्या मनाला तर एकच गोष्ट आयुष्यभर टोचत राहिली: मेले ते सगळे भारवाहक, आपल्यातला एकही त्यांच्या वाट्याला का आला नाही?

१८/ सॉमरव्हेलचे हे शल्य प्रामाणिक होते. मोहिमेनंतर दक्षिण हिंदुस्थानात त्रावणकोरमधील नेय्यूर येथील मिशन रुग्णालयात त्याने शल्यचिकित्सक म्हणून अनेक वर्षे सेवा केली. पण रचनेचा प्रश्न तसाच उरतो. १७ माणसे उतारावर होती. आज चढावे की नाही, हे त्यांतल्या तिघांनी ठरवले. उरलेले १४ जण ओझे घेऊन मागे चालले, कारण ते त्यासाठीच नेमलेले होते.

१९/ हीच रचना १९३७ मध्ये नंगा पर्वतावर दिसते. कार्ल वीन याच्या नेतृत्वाखालील जर्मन मोहिमेची चौथी छावणी सुरक्षित वाटणाऱ्या खोलगट भागात होती. १४ आणि १५ जूनच्या मधल्या रात्री वरून कोसळलेल्या बर्फाने ती संपूर्ण गाडून टाकली. ७ जर्मन गिर्यारोहक आणि ९ शेर्पा, सगळे झोपेतच गेले. छावणीत त्या रात्री असलेला एकही जण वाचला नाही. ग्रान पोझची पहाट येथे पुन्हा घडली.

२०/ याच काळात युरोपात दुसरी गोष्ट आकार घेत होती. योहान कोआझ हा स्विस वनाधिकारी, पिझ बेर्निना शिखराचा १८५० मधील पहिला आरोहक. त्याने आल्प्समधील हिमस्खलनांची पद्धतशीर माहिती गोळा करून १८८१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. कोठे, केव्हा, किती मोठे, काय नुकसान झाले, याची नोंद. गावच्या आठवणीला कागदावर आणण्याचे हे काम होते.

२१/ १९३६ मध्ये दाव्होस गावाच्या वर, वाइसफ्लूयोख येथे, हिमापासूनच बनवलेल्या एका साध्या प्रयोगशाळेत संशोधन सुरू झाले. हान्स बाडर, रॉबर्ट हेफेली आदी संशोधकांनी हिमकणांचे रूपांतर आणि थरांचे बल यांचा अभ्यास मांडला. दुसऱ्या महायुद्धात स्विस सैन्याने हिमस्खलनांची माहिती देणारी यंत्रणा उभारली आणि १९४५ पासून दाव्होसची संस्था ती जनतेसाठी चालवू लागली. सामान्य माणसाला धोक्याचे पत्रक मिळू लागले.

२२/ मग जानेवारी १९५१ चा हिवाळा आला. अतोनात हिमवृष्टीने आल्प्समध्ये शेकडो हिमस्खलने झाली. एकट्या स्वित्झर्लंडमध्ये ९८ आणि ऑस्ट्रियात १३५ माणसे गेली. ज्या आंडरमॅटने १३९७ मध्ये वनराई राखली, तेथेही २० जानेवारी रोजी १३ जणांचा मृत्यू झाला. वनराई गावाच्या एका बाजूचा उतार राखत होती. गाव मात्र इतर उतारांच्या पायथ्याशीही पसरले होते.

२३/ या आघातानंतर स्वित्झर्लंडने जे केले ते इतिहासात महत्त्वाचे आहे. उतारांवर हिम रोखणाऱ्या पोलादी चौकटी उभ्या राहिल्या, वने लावली गेली आणि गावांचे धोका-नकाशे तयार झाले. लाल पट्ट्यात घर बांधायचे नाही. निळ्या पट्ट्यात बांधायचे, पण अटी पाळून. १९९९ मध्ये तशाच जोराचा हिवाळा आला. डोंगरांत वस्ती आणि पर्यटक कितीतरी वाढले होते, तरी स्वित्झर्लंडमधील मृत्यू १७ वर राहिले.

२४/ ९८ आणि १७ या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे ज्ञान आणि त्याला मिळालेला अधिकार. संशोधक हिवाळ्याची बखर वाचत होते हे खरे, पण त्यांचा नकाशा बांधकाम थांबवू शकत होता, त्यांचे पत्रक रस्ता बंद करू शकत होते. कॅप्टन श्मिडजवळ ज्ञान होते, अधिकार नव्हता. ग्रान पोझ आणि १९९९ चे स्वित्झर्लंड यांतला फरक येथे आहे.

२५/ हे ज्ञान हिमालयात कसे आले? एक दुवा मोठा सुरेख आहे. दाव्होसच्या संस्थेत काम करणारा हिमतज्ज्ञ आंद्रे रोश उत्तम गिर्यारोहकही होता. १९४७ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली स्विस मोहीम गढवालमध्ये आली. तिच्यात तेनझिंग होते. १९५२ च्या वसंतातील स्विस एव्हरेस्ट मोहिमेत रोश आणि तेनझिंग पुन्हा एकत्र आले. या मोहिमेत तेनझिंग भारवाहकांचे सरदार होते आणि आरोहक संघाचे बरोबरीचे सदस्यही. रेमों लाँबेर यांच्यासोबत ते ८,६०० मीटरच्या आसपास पोहोचले.

२६/ येथे हिमालयाच्या दोन हिवाळ्यांतला भेद सांगायला हवा. पूर्वेकडे, एव्हरेस्टच्या परिसरात, बहुतांश हिम मॉन्सून आणतो. हिवाळा तेथे तुलनेने कोरडा, पण अतिवेगवान वाऱ्यांचा. ते वारे हिम उडवून नेतात आणि खाली निळसर, काचेसारखा कठीण बर्फ उघडा पडतो. पश्चिमेकडे, काश्मीर, लाहौल आणि काराकोरममध्ये, पश्चिमी विक्षोभ भर हिवाळ्यात हिमवृष्टी करतात. तेथे डिसेंबर ते मार्च हा हिमस्खलनांचा काळ.

२७/ म्हणून हिवाळी गिर्यारोहण म्हणजे केवळ अधिक थंडी नव्हे. १७ फेब्रुवारी १९८० रोजी आंद्झेय झावादा यांच्या पोलिश मोहिमेतील लेशेक चिही आणि क्शिश्तोफ व्येलित्स्की यांनी एव्हरेस्ट हिवाळ्यात प्रथमच सर केला. आठ हजार मीटरवरील शिखराचे ते पहिले हिवाळी आरोहण. त्यांचा झगडा मुख्यतः वाऱ्याशी आणि कठीण बर्फाशी होता. पुढे १९९७ च्या नाताळात अन्नपूर्णेवर अनातोली बुक्रेयेव हे अनुभवी गिर्यारोहक हिमस्खलनात गेले. शिखर बदलले की हिवाळ्याचा धोकाही बदलतो.

२८/ भारताने १९६९ मध्ये मनाली येथे हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था स्थापन केली. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची ही संस्था सैन्यासाठी आणि डोंगरी रस्त्यांसाठी हिमस्खलनाचा अंदाज देत आली. २०२० मध्ये तिचे रूपांतर नव्या संरक्षण भू-माहिती संशोधन संस्थेत झाले. संस्था संरक्षण खात्यात असण्याचे कारण उघड आहे. या देशात हिवाळाभर उंच उताराखाली राहणाऱ्यांत सैनिकांची संख्या मोठी.

२९/ एप्रिल १९८४ पासून सियाचिनवर भारत आणि पाकिस्तान समोरासमोर आहेत. तेथे गोळीपेक्षा हवामानाने आणि बर्फाने अधिक सैनिक मारले. ७ एप्रिल २०१२ रोजी पाकिस्तानचा गयारी तळ हिमस्खलनाखाली गाडला गेला आणि १४० माणसे गेली. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सुमारे १९,६०० फुटांवरील भारताची सोनम चौकी बर्फाची भिंत कोसळून नष्ट झाली. तेथे दहा जवान होते.

३०/ लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले. सारा देश थक्क झाला. ११ फेब्रुवारीला त्यांनी प्राण सोडला. हे किती दुर्मीळ होते ते समजून घ्या. स्विस घटनांच्या १९९४ मधील प्रसिद्ध अभ्यासानुसार, गाडलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर वाचण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक, आणि पस्तीस मिनिटांनी ती ३० टक्क्यांवर येते. सोनमच्या त्या दहांत एक जवान सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा होता. ज्या तालुक्यात लोक पावसाची वाट पाहतात, तेथला तरुण हिमाखाली गेला.

३१/ आघाडी दोन देश ठरवतात आणि चौकी कोठे असावी हे युद्धनीती ठरवते. मार्मोलाडाचा पेच सियाचिनवर अजून सुटलेला नाही. तोफेपासून आडोसा आणि उतारापासून आडोसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सीमेवर दोन्ही नेहमी एकत्र मिळत नाहीत. हिमशास्त्र धोका कमी करते. माणसाला तेथे ठेवायचे की नाही, हा प्रश्न हिमशास्त्राच्या अखत्यारीत येत नाही.

३२/ गिर्यारोहणात मात्र एक बदल घडला. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या नेपाळ बाजूला, खुंबू हिमप्रपातात, वरच्या खांद्यावरून बर्फाचा प्रचंड तुकडा कोसळला. १६ नेपाळी कामगार गेले, त्यांतले बहुतेक शेर्पा. पाहुण्या गिर्यारोहकांसाठी ते ओझी वाहत होते. १९२२ प्रमाणेच या वेळीही एकही परदेशी मेला नाही. सरकारने तातडीची मदत म्हणून प्रत्येकी ४० हजार नेपाळी रुपये देऊ केले.

३३/ पुढे जे झाले ते १९२२ मध्ये घडू शकले नसते. शेर्पांनी त्या हंगामात चढण्यास नकार दिला. भरपाई आणि विम्याच्या मागण्या मांडल्या. लाखो रुपये भरून आलेल्या मोहिमा एकामागून एक परतल्या आणि नेपाळच्या बाजूचा हंगाम जवळजवळ संपुष्टात आला. ‘आज चढायचे नाही’ हे वाक्य एव्हरेस्टवर प्रथमच दोराच्या मागच्या टोकाकडून आले आणि पुढच्या टोकाला ते ऐकावे लागले.

३४/ १६ जानेवारी २०२१. आठ हजार मीटरवरील १४ शिखरांपैकी हिवाळ्यात अजिंक्य राहिलेले एकच शिखर उरले होते, केटू. वेगवेगळ्या मोहिमांतले दहा नेपाळी गिर्यारोहक एकत्र आले. नऊ शेर्पा आणि एक मगर, निर्मल पुर्जा. शिखराच्या काही पावले अलीकडे ते थांबले, एकमेकांची वाट पाहिली आणि राष्ट्रगीत गात सारे एकत्र माथ्यावर गेले. केव्हा निघायचे, कोठे थांबायचे, हे सर्व त्यांनीच ठरवले होते.

३५/ पर्वत मात्र बदलला नव्हता. त्याच दिवशी केटूवर स्पॅनिश गिर्यारोहक सर्जी मिंगोते घसरून गेले. तीन आठवड्यांनी पाकिस्तानचे अली सदपारा आणि त्यांचे दोन साथीदार परतले नाहीत. निर्णय आपल्या हाती असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. पण जो मरण्याचा धोका पत्करतो त्याचे मत त्या निर्णयात असणे, ही वेगळी आणि मोलाची गोष्ट आहे. ती मिळायला ९९ वर्षे लागली.

३६/ तुमच्यापैकी अनेक जण सह्याद्रीत भटकता. काही जण उद्या हिमालयात प्रशिक्षणाला किंवा हिवाळी ट्रेकला जातील. तेव्हा तीन प्रश्न सोबत न्या. गेल्या दोन दिवसांत किती हिम पडले? डोक्यावरचा उतार कोणत्या कोनाचा आहे? आणि ‘आज जाऊ नये’ असे वाटणाऱ्या शेवटच्या माणसाला ते मोठ्याने म्हणता येईल का? पहिल्या दोहोंची उत्तरे विज्ञान देते. तिसऱ्याचे उत्तर तुमच्या तुकडीने द्यायचे आहे.

३७/ कॅप्टन श्मिडने आपली शंका लिहून कळवली होती. ते पत्र वाचले गेले, फेटाळले गेले आणि पहाटे साडेपाचला खरे ठरले. इतिहासात अशी पत्रे पुष्कळ आहेत. दुर्घटना झाल्यावर ती शोधून काढणे हे इतिहासकाराचे काम. दुर्घटनेआधी ती वाचणे हे बाकी सर्वांचे.

थ्रेड येथे पूर्ण झाला. आवडला असल्यास डोंगरात जाणाऱ्या मित्रमैत्रिणींपर्यंत जरूर पोहोचवा.